क्लासिक रॉक रेडिओवर तेच ते बँड का वाजतात?

अमेरिकेत कुठल्याही मोठ्या शहरात गाडीतला रेडिओ लावून स्टेशनं बदलत जा, एक तरी क्लासिक रॉक, म्हणजे जुनं रॉक संगीत वाजवणारं, स्टेशन लागणारच. तिथे अर्धा तास थांबलात तर लेड झेपलिन, एरोस्मिथ, व्हॅन हेलन, रोलिंग स्टोन्स, एसी/डीसी, टॉम पेटी, ईगल्स, पिंक फ्लॉइड यांच्यापैकी दोघे-तिघे तरी कानावर पडतात. न्यू जर्सीतून निघून ओहायोत पोचलात तरी यादी फारशी बदलत नाही. नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या आपल्याकडच्या पुष्कळ मंडळींची या बँडशी नीट ओळख ऑफिसला जाता-येताच झालेली असते. मग कधीतरी प्रश्न पडतो, की साठ-सत्तरच्या दशकात शेकडो रॉक बँड होते, तर रेडिओवर हेच पंचवीस-तीस का?

दोन उत्तरं चटकन सुचतात. एक, हे बँड सगळ्यांत चांगले होते. दुसरं, रेकॉर्ड कंपन्या पैसे चारतात. पहिलं अर्धवट खरं आहे आणि दुसरं इथे जवळजवळ लागूच पडत नाही. खरं कारण दडलंय ते स्टेशनं गाणी कशी निवडतात त्यात. थोडक्यात सांगायचं तर जे गाणं लागल्यावर कमीत कमी लोक स्टेशन बदलतात ते गाणं जास्त वाजतं, आणि अशी गाणी ज्या बँडकडे जास्त, तो बँड यादीत वर. एखाद्या गाण्यावर कोणाचा किती जीव आहे, याला त्या हिशेबात फार किंमत नाही. मला हे समजल्यापासून ही स्टेशनं वेगळ्याच कानाने ऐकू येतात, म्हणून ते सविस्तर सांगावंसं वाटलं.

आधी आकडे बघू. २०१४ च्या जूनमध्ये वॉल्ट हिकी या पत्रकाराने फाइव्हथर्टीएट या संकेतस्थळासाठी मोठं किचकट काम केलं. मोठ्या शहरांतल्या २५ क्लासिक रॉक स्टेशनांवर आठवडाभरात काय काय वाजलं, ते त्याने टिपून काढलं. एकूण ३७,६६५ वेळा गाणी लागली होती. त्यात वेगवेगळी गाणी २,२३० आणि कलाकार ४७५. आता हे ४७५ ऐकून वाटेल की विविधता बरीच आहे. पण लेड झेपलिन, व्हॅन हेलन, रोलिंग स्टोन्स अशा वरच्या २५ जणांनीच जवळजवळ निम्मी जागा खाल्ली होती. आणि १९७३ ते १९८२ या दहा वर्षांतल्या गाण्यांचा वाटा होता ५७ टक्के.

याचा तासाचा हिशेब मांडला की चित्र डोळ्यांसमोर येतं. ३७,६६५ ला २५ ने भागलं तर एका स्टेशनवर आठवड्याला साधारण १,५०० गाणी. म्हणजे दिवसाला २१५, तासाला नऊ. बाकी वेळ जाहिराती, निवेदकाचं बोलणं, बातम्या, रहदारीची खबर. या नऊपैकी चार-साडेचार जागा वरच्या पंचवीस जणांच्या. उरलेल्या चार-साडेचार जागांसाठी साडेचारशे कलाकार रांगेत उभे. त्यातल्या बहुतेकांचं एखाददुसरंच गाणं कधीमधी लागतं.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. एक गाणं खूप वाजणं वेगळं आणि एक बँड खूप वाजणं वेगळं. कॅन्सस या बँडची दोन गाणी अमेरिकेत सारखी लागतात, पण तिसरं क्वचितच. बॉस्टन या बँडच्या १९७६ च्या पहिल्या अल्बमात आठच गाणी होती आणि त्यातली बहुतेक आजही वाजतात, पण पुढच्या अल्बमांतलं फारसं काही नाही. लेड झेपलिनची मात्र पंधरा-वीस गाणी आळीपाळीने फिरत असतात. यातलं कोणतंही एक गाणं सगळ्यांत जास्त वाजणारं नसलं तरी बेरजेत बँड पहिला येतो. तेव्हा खरा प्रश्न असा, की ही गाणी निवडणारी चाळणी कसली आहे आणि काही बँडची इतकी गाणी तिच्यातून पार कशी होतात?

चाळणी आली कुठून

साठच्या दशकापर्यंत अमेरिकेत रेडिओ म्हणजे एएम. एफएमवर आवाज कितीतरी स्वच्छ, पण ऐकणारे कमी, म्हणून बरेच मालक आपल्या एएम स्टेशनचा कार्यक्रम जसाच्या तसा एफएमवरही लावून मोकळे व्हायचे. सरकारच्या संपर्क आयोगाने याला आडकाठी केली. मोठ्या शहरांत एफएमवर निदान अर्धा वेळ तरी वेगळा कार्यक्रम हवा, हा नियम १९६७ पासून लागू झाला. आता एवढा वेळ भरायचा कशाने? स्वस्तात मिळणारा एक माल होता, तरुण पोरं ऐकत होती त्या लाँग प्ले रेकॉर्ड्स. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स स्टेशनवर टॉम डोनाह्यू या निवेदकाने हा प्रयोग सुरू केला. निवेदकाला जे वाटेल ते त्याने लावायचं. ब्लूज, लोकसंगीत, जॅझ, रॉक, आणि मधेच रविशंकरांची सतारसुद्धा. गाणं तीन मिनिटांचं असो की वीस मिनिटांचं, कोणी अडवत नसे.

हे स्वातंत्र्य फार टिकलं नाही. एफएमला ऐकणारे मिळाले, ऐकणाऱ्यांमागोमाग जाहिराती आल्या, आणि जाहिरातींबरोबर भीती आली. सत्तरच्या दशकात ली एब्रम्स नावाचा अगदी तरुण सल्लागार पुढे आला. त्याचं म्हणणं असं, की निवेदकाच्या आवडीवर स्टेशन चालवू नका, ऐकणाऱ्यांना विचारा. केंट बर्कहार्टबरोबर भागीदारीत त्याने ‘सुपरस्टार्स’ नावाचा साचा बनवला आणि देशभरच्या अनेक स्टेशनांना विकला. नावातच सगळं आलं, मोजके मोठे कलाकार आणि त्यांची मोजकी गाणी. निवेदकाच्या हातातली रेकॉर्ड गेली आणि छापील यादी आली. पुढे १९८५ मध्ये फ्रेड जेकब्सने मिशिगनमधल्या लॅन्सिंगच्या डब्ल्यूएमएमक्यू स्टेशनवर नवी गाणी बंद करून फक्त जुनं रॉक वाजवायचा प्रयोग केला. तो चालला आणि काही वर्षांत देशभर पसरला. क्लासिक रॉक नावाचा रेडिओ प्रकार रुळला तो असा.

म्हणजे या प्रकाराच्या जन्मावेळीच यादी आधी एकदा गाळून झालेली होती. सत्तरच्या दशकातल्या स्टेशनांनी जे वारंवार वाजवलं होतं, तेच लोकांना आठवत होतं. जे तेव्हा यादीबाहेर राहिलं, ते १९८५ साली ‘जुनं आवडतं’ म्हणून परत यायला कोणाच्या आठवणीतच नव्हतं.

हॉटेलातल्या हॉलमधली परीक्षा

आता मुख्य चाळणी. रेडिओवाले तिला ऑडिटोरियम टेस्ट म्हणतात. हल्ली तिचं बरंचसं काम ऑनलाइन चालतं, पण पद्धत तीच राहिली आहे. एका हॉटेलचा हॉल घ्यायचा, शंभरेक माणसं बोलवायची. ती कोणीही चालत नाहीत. वय ठरलेलं, बहुतेक पुरुष, आणि तुमचं किंवा तुमच्या प्रतिस्पर्ध्याचं स्टेशन नेहमी ऐकणारी. येण्याचे थोडे पैसे मिळतात. मग त्यांना एकामागून एक पाचशे-सहाशे गाण्यांचे तुकडे ऐकवतात. प्रत्येक तुकडा सात ते दहा सेकंदांचा, गाण्यातला सगळ्यांत ओळखीचा भाग. धंद्यात त्याला हुक म्हणतात. तुकडा वाजला की समोरच्या कागदावर खूण करायची: माहीत नाही, आवडत नाही, ठीक आहे, आवडतं, खूप आवडतं. आणखी एक रकाना असतो, ‘ऐकून कंटाळलोय’. याला ते बर्न म्हणतात.

या पद्धतीतून निकाल कसा लागतो ते एका कल्पित उदाहरणाने बघू. समजा शंभर जणांपुढे दोन गाणी आहेत. पहिलं तीस जणांना जीव की प्राण आहे, चाळीस जणांना ठीक वाटतं, आणि तीस जणांना मुळीच सहन होत नाही. दुसरं फक्त दहा जणांना खूप आवडतं, पंच्याऐंशी जणांना बरं वाटतं, नको म्हणणारे पाचच. मैफल भरवायची असेल तर मी पहिलं गाणं निवडेन, कारण तिकीट काढून येणारे तीस जण तिथे आहेत. रेडिओवाला डोळे मिटून दुसरं निवडतो. पहिलं गाणं लावलं तर त्या क्षणी शंभरातले तीस जण बटण दाबून दुसऱ्या स्टेशनवर जातात. दुसऱ्यात पाच जातात. प्रेमाने कान टवकारून ऐकणाऱ्या तीस जणांचं माप या हिशेबात वेगळं धरलं जात नाही. ते आधीही ऐकत होते, आताही ऐकतायत, एवढंच.

यातला आणखी एक बारकावा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ‘माहीत नाही’ हे उत्तर मिळालेलं गाणं नापास. मग ते कितीही सुंदर असो. आठ सेकंदांत अनोळखी गाणं आवडणं जवळजवळ अशक्यच असतं. पण जुनं गाणं लोकांच्या ओळखीचं होणार कुठून? मुख्यतः रेडिओवरूनच. म्हणजे ओळखीचं म्हणून वाजतं आणि वाजतं म्हणून ओळखीचं राहतं. १९७८ साली जे गाणं थोडं मागे पडलं ते दर परीक्षेत आणखी मागे जातं, आणि जे पुढे होतं ते दर परीक्षेत आणखी घट्ट होतं. पन्नास वर्षं हे चालू राहिल्यावर हजारो अल्बमांमधून काही शे गाणी उरतात, यात नवल नाही.

आठ सेकंदांची अट कोणाला सोयीची पडते, हेही बघण्यासारखं आहे. एसी/डीसीचं गाणं पहिल्या दोन सेकंदांत, गिटारच्या पहिल्या फटक्यालाच ओळखू येतं. त्यांचा ‘बॅक इन ब्लॅक’ हा १९८० चा अल्बम अमेरिकेत अडीच कोटींहून जास्त प्रतींचा मानकरी आहे. गायक बॉन स्कॉट त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला होता आणि पाचच महिन्यांत बँडने नव्या गायकासह तो अल्बम आणला. उलट किंग क्रिमसनसारख्या बँडचं बारा मिनिटांचं, हळूहळू उलगडत जाणारं गाणं आठ सेकंदांत कसं दाखवणार? त्याचा हुक कापायलाच जागा नाही.

पंधरा मिनिटांचा खेळ

मग लोक कंटाळत कसे नाहीत? तक्रार तर सगळेच करतात, की सारखं तेच लावतात. याचं उत्तर रेडिओ ऐकण्याच्या सवयीत आहे. बहुतेक लोक गाडीत बसल्यावर दहा-पंधरा मिनिटं ऐकतात आणि उतरतात. दिवसभर एकच स्टेशन लावून ठेवणारा दुकानदार किंवा गॅरेजवाला वैतागतो, पण तो अल्पसंख्य. पंधरा मिनिटांसाठी आलेल्याला त्या वेळात ओळखीचं, हमखास चालणारं गाणं मिळालं पाहिजे, यावर स्टेशनचं सगळं गणित उभं असतं. त्याला तेच गाणं कालही लागलं होतं हे माहीतच नसतं, कारण काल त्या वेळी तो गाडीत नव्हता.

ऐकणाऱ्यांची मोजदादही याच मापाने होते. पूर्वी निवडक घरांत डायऱ्या देत. कोणतं स्टेशन कधी ऐकलं ते लोक आठवून लिहायचे. २००७ पासून मोठ्या शहरांत एक छोटं यंत्र आलं. कमरेला किंवा पर्समध्ये ठेवायचं. स्टेशनच्या आवाजात मिसळलेला, कानाला न कळणारा संकेत ते टिपतं आणि तुम्ही कधी कोणतं स्टेशन ऐकलंत ते मिनिटामिनिटाने नोंदवतं. पाव तासात निदान पाच मिनिटं ऐकलं तर तो अख्खा पाव तास त्या स्टेशनच्या खात्यात जमा, असा नियम होता. २०२५ पासून ही मोजदाद करणाऱ्या नील्सन कंपनीने पाचाची तीन मिनिटं केली.

डायरीच्या काळात माणूस आपलं आवडतं स्टेशन आठवून भरघोस लिहायचा. मधे एखादं विचित्र गाणं आलं म्हणून दोन मिनिटं बटण फिरवलं होतं, हे तो लिहीत नसे. यंत्र मात्र तेही टिपतं. त्यामुळे अनोळखी गाण्यावर किती जण निघून गेले ते स्टेशनची यादी ठरवणाऱ्या प्रोग्रॅम डायरेक्टरला पडद्यावर दिसायला लागलं. यादी आणखी आखडायला आयतंच कारण मिळालं.

गाण्यांचा क्रमही आता निवेदक लावत नाही. १९७९ पासून त्यासाठी संगणकावरचं सॉफ्टवेअर आहे. गाण्यांचे गट करतात: सर्वांत बलवान, मधली, क्वचितची. मग नियम घालतात: एका बँडची दोन गाणी अमुक वेळाच्या आत नकोत, हे गाणं काल सकाळी लागलं असेल तर आज संध्याकाळी, दोन संथ गाणी लागोपाठ नकोत. यातून एक मजेशीर गोष्ट घडते. ज्या बँडची पंधरा गाणी यादीत आहेत, त्याला हे नियम जास्त जागा देतात, कारण एक गाणं विश्रांतीला गेलं तरी दुसरं तयार असतं. झेपलिनच्या बाबतीत तर कित्येक स्टेशनं रोज ठरलेल्या वेळी त्यांचीच दोन-तीन गाणी सलग लावतात आणि त्या कार्यक्रमाला खास नावही देतात.

पैशांचं म्हणाल, तर अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की त्याचा मोबदला गीतकार-संगीतकाराला मिळतो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला त्या वाजण्याचा एक पैसा मिळत नाही. स्टेशन हक्कसंस्थांना ठोक परवान्याचे पैसे भरतं. झेपलिन लावलं काय किंवा कोणी विस्मृतीत गेलेला बँड लावला काय, स्टेशनचा खर्च जवळपास तोच. तेव्हा स्वस्त पडतं म्हणून वेगळं काही लावावं, असा मोहही होत नाही. राहिली लाच. गुपचूप पैसे घेऊन गाणं लावणं १९६० पासून बेकायदा आहे. तरी ते थांबलं नाही. २००५ मध्ये सोनी बीएमजीला न्यूयॉर्क राज्याशी तडजोड करून एक कोटी डॉलर भरावे लागले. पण ती भानगड नव्या गाण्यांची. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाण्यासाठी कोण कशाला पैसे चारेल?

मालकीचा मुद्दा मात्र थेट भिडतो. १९९६ पर्यंत एका कंपनीला देशभरात चाळीसच स्टेशनं ठेवता येत होती. त्या वर्षीच्या दूरसंचार कायद्याने ही मर्यादा काढून टाकली आणि क्लिअर चॅनल ही कंपनी काही वर्षांत बाराशेच्या वर गेली. तीच आजची आयहार्टमीडिया. एकाच कंपनीची इतकी स्टेशनं झाल्यावर परीक्षेचे निकाल, सल्लागार, बऱ्याचदा निवेदकाचा आवाजसुद्धा वाटून घेतला जातो. शहर बदललं तरी यादी तीच राहते, त्याचं मोठं कारण हे.

तरी गावाचा रंग पूर्ण पुसलेला नाही. डेट्रॉइटला बॉब सीगर, न्यू जर्सी-फिलाडेल्फियाकडे ब्रूस स्प्रिंगस्टीन जास्त ऐकू येतात. टेक्सासमधलं सॅन अँटोनियो सत्तरच्या दशकापासून हेवी मेटलचं गाव म्हणून ओळखलं जातं. आणि क्लीव्हलंडचा गायक मायकल स्टॅन्ली! देशात त्याचं नाव फारसं कोणाला माहीत नव्हतं, पण आपल्या गावात तो मोठमोठी मैदानं भरवायचा. पुढे तिथल्याच डब्ल्यूएनसीएक्स या क्लासिक रॉक स्टेशनवर १९९० पासून २०२१ साली मृत्यू येईपर्यंत तो निवेदक होता. असं एखादं नाव भेटलं की वाटतं, रेडिओ गावाचा असतो तेव्हा किती वेगळा असतो.

कोण जिंकलं, कोण राहिलं

आता लेड झेपलिनच का, हे सोपं होतं. १९६९ ते १९७९ या काळात आठ स्टुडिओ अल्बम, सगळे एफएम रॉकच्या भरभराटीच्या वर्षांत. १९८० मध्ये ड्रमर जॉन बॉनहॅम गेला आणि बँड थांबला, त्यामुळे ऐंशीच्या दशकातल्या सिंथेसायझरच्या लाटेत वाहून गेलेले नकोसे अल्बम त्यांच्या खात्यात नाहीत. टीव्हीवर ते फारसे येत नसत, सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची रेकॉर्ड, काढायचीही त्यांना आवड नव्हती. ‘स्टेअरवे टू हेवन’ हे १९७१ चं आठ मिनिटांचं गाणं अमेरिकेत विक्रीसाठी सिंगल म्हणून कधी निघालंच नाही. ते ऐकायचं तर एफएम लावा किंवा अख्खा अल्बम घ्या. लोकांनी दोन्ही केलं, त्यामुळे त्याच अल्बमातली बाकीची गाणीही तोंडपाठ झाली. हुक ओळखणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली.

याच बँडचा एक दुवा मुंबईशी आहे. १९७२ मध्ये त्यांचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लँट मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये. त्यातलं एक गाणं तर ‘स्टेअरवे’च्याच अल्बमातलं. मला ती रेकॉर्डिंग फार मोलाची वाटतात, पण रेडिओच्या परीक्षेत त्यांचा निभाव लागणं शक्य नाही. हॉलमधल्या शंभर जणांपैकी ओळखणार कोण?

पिंक फ्लॉइडचा १९७३ चा ‘डार्क साइड ऑफ द मून’ १९८८ पर्यंत अमेरिकेच्या पहिल्या दोनशे अल्बमांच्या यादीत ७४१ आठवडे होता. इतकी वर्षं जो घराघरांत वाजला, त्याला ओळखीची काय ददात? पण त्यांचं तेवीस मिनिटांचं ‘एकोज’ कोणी लावत नाही. ईगल्सच्या पहिल्या हिट गाण्यांच्या संग्रहाला २०१८ मध्ये ३.८ कोटी प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं. त्यांची गाणी इतकी कोणालाही न टोचणारी, की रॉकबरोबर हलकीफुलकी गाणी लावणारी स्टेशनंही ती वाजवतात, म्हणून त्यांना दुहेरी जागा मिळते.

क्वीनची गोष्ट वेगळी आहे. आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला आणि तिथल्याच ‘हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवणारा फारुख बलसारा म्हणजे त्यांचा फ्रेडी मर्क्युरी. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत क्वीन मागे पडला होता. फ्रेडी १९९१ मध्ये गेला, आणि १९९२ च्या ‘वेन्स वर्ल्ड’ या चित्रपटात पोरं गाडीत बसून ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ गातात तो प्रसंग एवढा गाजला, की १९७६ मध्ये अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत पोचलेलं ते गाणं सोळा वर्षांनी दुसऱ्या क्रमांकावर गेलं. बाहेरून एखादा असा धक्का बसला तरच ओळखीचं चक्र फिरतं.

बीटल्सचं काय, हे सगळेच विचारतात. इतका मोठा बँड आणि क्लासिक रॉकवर त्या मानाने कमी? कारण त्यांचा अर्धा काळ १९६६ च्या आधीचा. ती गोड, छोटी गाणी ‘ओल्डीज’ नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या स्टेशनांकडे गेली. इथे आला तो मुख्यतः शेवटच्या तीन-चार वर्षांचा बीटल्स.

आणि ग्रेटफुल डेड. हजारो चाहते गावोगाव त्यांच्या मागे फिरायचे, मैफलींच्या टेप एकमेकांना वाटायचे. पण त्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत पोचलेलं गाणं एकच, तेही १९८७ मध्ये. आपल्या कल्पित उदाहरणातलं ते पहिलं गाणं म्हणजे हाच बँड, तीस जणांचा जीव आणि बाकीच्यांना न झेपणारा. साध्या रेडिओवर म्हणूनच तो कमी वाजतो. पण वर्गणी भरून ऐकायच्या उपग्रह रेडिओवर २००७ पासून डेडचं चोवीस तासांचं स्वतंत्र चॅनल आहे. तिथे सगळ्यांना बरं वाटणं गरजेचं नाही. थोड्यांना इतकं आवडलं पाहिजे की त्यांनी दर महिन्याला पैसे भरावेत. तोच बँड, तीच गाणी. फक्त कमाईची रीत बदलल्यावर निकाल उलटला.

या चाळणीने केलेला एक अन्याय मला जास्त लागतो. रॉक ज्या काळ्या संगीतकारांकडून आलं, त्यांच्यापैकी क्लासिक रॉकवर जिमी हेन्ड्रिक्स सोडला तर फार थोडे उरलेत. फंकाडेलिकची गिटार किंवा आयस्ली ब्रदर्समधल्या अर्नी आयस्लीची गिटार कोणत्याही रॉक बँडच्या तोडीची आहे, पण सत्तरच्या दशकात एफएम रॉकच्या याद्या आखडल्या तेव्हा ही मंडळी ‘सोल’ म्हणून दुसऱ्या स्टेशनांकडे ढकलली गेली. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानात तिथल्या रॉक स्टेशनच्या निवेदकाने डिस्कोच्या, म्हणजे बऱ्याचशा काळ्या कलाकारांच्या नाच-संगीताच्या, रेकॉर्ड्स स्फोटाने उडवल्या आणि लोक मैदानात घुसले, तो प्रकार याच विभागणीच्या ऐन भरातला. बायकांचंही तसंच. हार्ट, फ्लीटवूड मॅक, पॅट बेनाटर, जोन जेट, आणि मग नावं संपत आल्यासारखी वाटतात. एकदा ‘माहीत नाही’च्या रकान्यात गेलं की परत येण्याची वाट उरत नाही.

यादी तरी कायम हीच राहणार का? नाही, ती सरकते आहे. जाहिरातदारांना मुख्यतः २५ ते ५४ वयाचा श्रोता हवा असतो. १९७५ मध्ये पंधरा वर्षांचा असलेला मुलगा २०१४ मध्ये ५४ चा झाला, म्हणजे त्या मोजणीच्या वेळी तो जेमतेम काठावर होता. २०२५ मध्ये ५४ चा असलेला माणूस पंधरा वर्षांचा होता १९८६ मध्ये. त्याच्या शाळा-कॉलेजातले बँड गन्स एन रोझेस आणि मेटालिका. त्याच्याहून लहान असलेल्याचे निर्वाणा आणि पर्ल जॅम. म्हणून हे सगळे आता क्लासिक रॉकवर सर्रास लागतात आणि साठच्या दशकातली गाणी एकेक करून उतरतात. झेपलिनसारख्यांची गाणी तरीही टिकून आहेत, कारण त्यांच्यानंतरच्या दोन पिढ्यांनीही ती याच स्टेशनांवर ऐकली.

ज्यांना या यादीपलीकडचं ऐकायचं आहे त्यांना रेडिओ सोडायची गरज नाही. न्यूयॉर्कला क्यू१०४.३ हे व्यावसायिक स्टेशन दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत श्रोत्यांच्या मतांवरून १,०४३ गाणी ओळीने वाजवतं. वर्षानुवर्षं ‘स्टेअरवे’ अगदी वर असतं, पण खालच्या शेकडो गाण्यांत एरवी कानावर न पडणारं बरंच काही निघतं. जाहिरातींवर न चालणारी, श्रोत्यांच्या देणग्यांवर उभी असलेली स्टेशनं तर वर्षभर वेगळं वाजवतात: न्यूयॉर्कचं डब्ल्यूएफयूव्ही, फिलाडेल्फियाचं डब्ल्यूएक्सपीएन, सिअॅटलचं केईएक्सपी. तिथे रेकॉर्ड अजून बऱ्याच अंशी निवेदकच निवडतो. तिन्ही स्टेशनं इंटरनेटवर फुकट ऐकता येतात, पुण्यातून, पणजीतून, कुठूनही.